ज्यू संस्कृतीला देणग्या देणाऱ्या विश्वस्तांना खुलं पत्र : इमारती झाल्या, आता मराठी वाचणाऱ्या माणसांवर खर्च करा

न्यूयॉर्क, लंडन, जेरुसलेम आणि आणखी जिथे जिथे ज्यू संस्कृती, शिक्षण आणि संशोधनाला पैसे देणारे ट्रस्ट आहेत तिथल्या सगळ्या विश्वस्तांना,

नमस्कार आणि शालोम.

आधीच सांगून टाकते, मी ज्यू नाही. ठाण्यात राहते, शाळेत मराठी शिकवते आणि जुन्या मराठी छापील पुस्तकांचा मला नाद आहे. त्या नादापायी बेने इस्राएलांच्या, म्हणजे आमच्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, मराठी पुस्तकांपर्यंत पोचले, आणि तिथून तुमच्यापर्यंत. कारण ज्यूंवरचं कुठलंही अभ्यासाचं पुस्तक उघडा, सुरुवातीलाच कुणा ना कुणा फाउंडेशनचे आभार मानलेले असतात. ते आभार वाचता वाचता वाटायला लागलं की या लोकांना एकदा मराठीबद्दल कुणीतरी सरळ सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

तुम्ही लोकांनी जी कामं केलीत त्याचा मला खरंच हेवा वाटतो. 1965 मध्ये नाहुम गोल्डमन यांनी जर्मनीकडून आलेल्या भरपाईच्या पैशातून मेमोरियल फाउंडेशन फॉर ज्यूइश कल्चर उभं केलं, म्हणजे ज्यांची अख्खी शहरं, शाळा, ग्रंथालयं राख झाली त्यांनी त्या पैशातला एक हिस्सा पुन्हा विद्यार्थ्यांवर आणि पुस्तकांवर लावला. यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, तिचं तर काय सांगायचं. 1980 मध्ये एरन लॅन्स्की नावाचा विशीतला पोरगा अमेरिकेत घरोघरी फिरून म्हाताऱ्या माणसांकडून यिडिश पुस्तकं गोळा करायला लागला. जाणकार म्हणत होते की जगात आता सत्तरेक हजार यिडिश पुस्तकं उरली असतील, त्याने आणि त्याच्या माणसांनी दहा लाखांच्या वर जमवली आणि त्यातली हजारो आज कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. कैरोच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, माळ्यावरची जुनी कागदपत्रं बघा. 1896 मध्ये सॉलोमन शेख्टर केंब्रिजहून कैरोला गेले तो खर्च चार्ल्स टेलर यांनी उचलला, ते ज्यूसुद्धा नव्हते, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी टोरांटोच्या फ्रिडबर्ग यांच्या पैशातून तेच तुकडे कॉम्प्युटरवर आले. दोन्हीकडे पैसा आधी माणसाला मिळाला, त्याच्या तिकिटाला, त्याच्या पोटापाण्याला. मला बोलायचंय ते नेमकं याबद्दल.

आता आमच्या बाजूला या. कोकणात अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं. घरात बोलायची भाषा मराठी, नवसाला एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा, त्यात पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. हे सगळं आता बऱ्याच जणांना माहीत असतं, पेपरात दर वर्षी एखादी पुरवणी येते, मलिद्याचा फोटो येतो आणि विषय संपतो. या समाजाने मराठीत छापलेलं केवढं तरी पडून आहे ते मात्र कुणाच्या गावीही नसतं.

1832 मध्ये मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, खास बेने इस्राएलांसाठी. आता ते काही निर्मळ मनाने केलेलं काम नव्हतं, त्याला बाटवायचं होतं, उघड आहे. पण या मंडळींनी काय केलं, तर हिब्रू शिकून घेतली, मिशनच्या शाळांत शिकले, शिकवलंही, आणि ज्यूच राहिले, ख्रिस्ती झाले ते अगदी हातावर मोजण्याइतके. देणाऱ्याच्या मनात एक आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरंच, हे देणगीच्या इतिहासात नेहमी होतं पण इतकं छान क्वचितच झालं असेल. पुढे 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासकट हगादा, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या पेसाख सणाला वाचायची पोथी, छापली गेली. मग 1874 ची पुण्याची हगादा, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात शिळाप्रेसवर छापलेली, तळकर मंडळींनी काढलेली. तिच्या पहिल्या पानावर साडी नेसलेल्या बायका खाली बसून पेसाखच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. पुण्यातला एक हिंदू छापखानेवाला, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, आणि इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकावर नेसलेल्या लुगड्यातल्या बायका! ते चित्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल, म्युझियमवाल्यांना फार आवडतं ते. त्याच पुस्तकातलं मराठी कुणी नीट वाचलंय का पण? 1874 चं मराठी गद्य, धर्मग्रंथाचं भाषांतर, त्यात कुठला शब्द संस्कृतातून घेतलाय, कुठला कोकणातल्या घरातला आहे, देवाला काय म्हटलंय, कोणाच्या कीर्तनातून ही वाक्यरचना आली, असे कितीतरी प्रश्न आहेत. चित्राला भाषा येत नसली तरी चालतं म्हणून चित्र जगभर फिरलं, मजकूर मागेच राहिला.

जोसेफ इझिकेल राजपूरकर हे नाव तुम्हाला माहीत असायला हवं. 1834 चा जन्म, मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे चाळीसेक वर्षं हेडमास्तर, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. या एका माणसाने वीसेक प्रार्थनेची पुस्तकं हिब्रूतून मराठीत आणली. शाळा सांभाळून! आपल्याकडे एवढं काम केलेल्या दुसऱ्या कुणाही भाषांतरकारावर आत्तापर्यंत तीन पीएचड्या झाल्या असत्या, गौरवग्रंथ निघाला असता, चौकाला नाव दिलं असतं.

आणि कीर्तनं. 1880 च्या सुमारास बेने इस्राएलांनी चक्क आपली कीर्तनं सुरू केली, बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले मोठे कीर्तनकार. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्यानं, पण साकी, दिंडी, ओवी, आर्या आपल्याच, चाली आपल्याच, उभं राहून सांगायची पद्धत नारदीय कीर्तनाची. पुस्तिका छापल्या जायच्या, लोक पदं पाठ करायचे. शिवाय मराठी-इंग्रजी मासिकं, डेव्हिड एरुळकर आणि जेकब इस्राएल यांनी चालवलेलं ‘इझ्रायलाइट’ 1917 पासून दहा वर्षं निघत होतं. हे सगळं आज कुठे आहे, तर थोडं लंडनला, थोडं जेरुसलेमला, थोडं अमेरिकेतल्या ग्रंथालयांत, थोडं मुंबई-ठाण्याच्या घरांत पलंगाखालच्या ट्रंकेत आणि थोडं सिनेगॉगच्या कपाटात वाळवीसोबत. परदेशातल्या कॅटलॉगात मराठी नावं रोमन लिपीत लिहिलेली, एकाच पुस्तकाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं, त्यामुळे तेच पुस्तक आहे की वेगळं हे कळायला आधी मराठी यावं लागतं, मग हिब्रू यावी लागते, मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या छपाईची सवय लागते. अशी माणसं किती आहेत? मला तरी एका हाताच्या बोटांवर संपतील असं वाटतं.

तुम्ही म्हणाल मुंबईला ज्यू देणग्यांची कमी कधी होती. खरंय. डेव्हिड ससून बगदादहून आले आणि त्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी मुंबई-पुणं देणग्यांनी भरून टाकलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, काळा घोड्याचं 1884 चं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं लाल देऊळ ही सिनेगॉग, शिवाय ससून हॉस्पिटल, ससून लायब्ररी. पैसा कापसाचा आणि बराचसा अफूचा, हे विसरून चालणार नाही, आणि चीनमध्ये त्या पैशाने काय केलं तेही. पण मला त्यापेक्षा जवळची गोष्ट सांगायचीय. 1836 मध्ये मुंबईतल्या ज्यू दफनभूमीत बगदादी आणि बेने इस्राएल यांच्या कबरींमध्ये भिंत घाला असा अर्ज सरकारकडे गेला होता, त्यावर डेव्हिड ससून यांचीही सही होती. मेल्यावरसुद्धा शेजार नको. आणि त्याच ससूनच्या नावाच्या शाळेत पुढे चाळीस वर्षं हेडमास्तर कोण, तर राजपूरकर, बेने इस्राएल! देणगीदाराने भिंत मागितली आणि त्याच्या शाळेला शिकवायला भिंतीपलीकडचाच माणूस लागला.

माझगावच्या शाळेचंही तसंच. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1853 पासून शिक्षणासाठी खटपट करून 1875 मध्ये इझ्रायलाइट स्कूल सुरू केलं, समाजाच्या चार-चार आण्यांवर आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनच्या मदतीवर. 1930 च्या दशकात सर एली कदुरी यांनी मोठी देणगी दिली, शाळेला त्यांचं नाव लागलं. नाव लागलं म्हणून माझी तक्रार नाही, शाळा टिकली हे महत्त्वाचं, रिबेका रूबेनसारख्या बाईंनी तिथे कितीतरी वर्षं प्रिन्सिपॉल म्हणून काम केलं आणि आज तिथे आजूबाजूच्या वस्तीतली सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. पण त्याच केहिमकरांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, हाताने लिहिलेलं अख्खं बाड, आणि ते छापून आलं कधी, तर 1937 मध्ये, तेल अवीवला, केहिमकर वारल्यावर कितीतरी वर्षांनी. चाळीस वर्षं! शाळेच्या इमारतीसाठी देणगीदार सापडतो, हस्तलिखितासाठी चाळीस वर्षं थांबावं लागतं. आज तरी वेगळं काय आहे?

एक आकडा सांगते, तुम्हाला पाठच असेल. डेव्हिड सॉलोमन ससून, 1880 चा जन्म, आमच्या मुंबईतलाच, हस्तलिखितं जमवण्याचं वेड. त्याने 1929 मध्ये 350 पौंडांना एक जुनं हिब्रू बायबल घेतलं. तेच कोडेक्स ससून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 3 कोटी 81 लाख डॉलरला गेलं, आपल्या रुपयांत तीनशे कोटींच्या वर, आणि घेणाऱ्याने ते तेल अवीवच्या म्युझियमला देऊनही टाकलं. चांगलं केलं, हजारेक वर्षांपूर्वीचं पुस्तक सगळ्यांना बघता यायला हवंच. माझं म्हणणं एवढंच की त्या रकमेच्या शंभराव्या भागात, म्हणजे तीन कोटी रुपयांत, मराठी ज्यू वाङ्मयाचं जवळजवळ सगळं काम उरकेल, वर चहापाण्याला पैसे उरतील. (गणित मराठीच्या बाईंचं आहे, तपासून घ्या.)

इमारतींवर खर्च होतोय, तो व्हावाच. केनेसेथ एलियाहू 2019 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, त्यात जेएसडब्ल्यू फाउंडेशनसारख्या ज्यू नसलेल्या संस्थेचाही वाटा होता, आता बघायला इतकं सुंदर दिसतं की काळा घोड्याला जाणारी कॉलेजची मुलंमुली थांबून फोटो काढतात. इमारतीचं एक बरं असतं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, उद्घाटन, पाटी. अहवालात चटकन दिसतं. कीर्तनाच्या चालीचा आधीचा फोटो कसा काढणार?

आमच्या इथे एक मावशी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, नाव सांगत नाही कारण त्यांना आवडणार नाही. त्यांना योसेफाच्या आख्यानातली पदं चालीसकट येतात, त्यांच्या वडिलांची हाताने लिहिलेली वही आहे, पण वहीत चालीचं नुसतं नाव आहे, म्हणजे अमक्या नाटकातल्या पदाच्या चालीवर, एवढंच. ते नाटकातलं पदही आता कुणाला येत नाही. मावशी म्हणून दाखवतात तेव्हा कळतं की अच्छा, असं आहे होय. त्यांच्या बरोबरीचे लोक इस्राएलमध्ये लोदला, अश्दोदला, दिमोनाला, बीरशेबाला आहेत, सत्तर वर्षांपूर्वी गेलेले, तिथेही घरात मराठी बोलणारे, मराठी त्रैमासिक ‘मायबोली’ काढणारे. त्यांची नातवंडं हिब्रूत बोलतात, इथल्यांची इंग्रजीत. स्वातंत्र्याच्या सुमाराला या समाजाची इथली संख्या वीसेक हजार होती, आज सगळ्या भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजार भरतील न भरतील.

तर माझं मागणं सरळ आहे, दगडविटांवर करता तसाच खर्च आता माणसांवर करा. मराठी एम.ए. केलेली हुशार मुलं-मुली माझ्या ओळखीत आहेत, महिना पंधरा हजारावर तासिका तत्त्वावर शिकवतायत, त्यांना दोन-तीन वर्षं नीट पगार द्या, हिब्रू शिकवा, आणि दुसऱ्या बाजूने जेरुसलेम नाहीतर बीरशेबातल्या बेने इस्राएल नातवंडांना पैसे देऊन इथे आणा, मराठी शिकवा. दोघांना जोडीने बसवा. राजपूरकरांच्या काळात मुंबई विद्यापीठात हिब्रूची परीक्षा होत होती, ते पुन्हा उभं करायला एका अध्यासनाचा खर्च लागतो, फार नाही. ग्रंथालयांत पडलेलं स्कॅन करणं हे त्याच्या नंतर, कारण स्कॅन केलेलं पान आणि वाचलेलं पान यात फरक आहे आणि वाचणारा नसेल तर तुमच्या सर्व्हरवर फक्त फोटो साठतील.

रेकॉर्डिंग मात्र सगळ्याच्या आधी. पुस्तक अजून दहा वर्षं ट्रंकेत राहील कदाचित, मावशी राहणार नाहीत. एक चांगला माइक, एक कीर्तनाची आणि नाट्यसंगीताची जाण असलेला माणूस, ठाणे-पनवेल-पेण-अलिबाग-रेवदंडा आणि तिकडे लोद-अश्दोद असा दौरा. पुण्या-मुंबईत आजही नारदीय कीर्तन शिकणारी मंडळी आहेत, त्यांना सोबत घ्या, त्यांना चाल अर्ध्या ओळीत ओळखता येते जी परदेशातल्या संगीताच्या प्रोफेसरला वर्षभर ऐकून येणार नाही. राग मानू नका, खरं आहे ते.

तुमचे फॉर्म. अरे देवा. चाळीस पानी इंग्रजी फॉर्म, त्यात इम्पॅक्ट किती, लाभार्थी किती, तीन वर्षांचे ऑडिट, दोन आंतरराष्ट्रीय शिफारसपत्रं. सिनेगॉगच्या कमिटीतले सत्तरीतले काका हे कुठून भरणार? त्यात आमच्याकडचा परकीय देणग्यांचा कायदा, एफसीआरए. परदेशी पैसा घ्यायचा तर नोंदणी हवी, खातं स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतच हवं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेला द्या, ती खालच्या छोट्यांना वाटेल, हा तुमचा नेहमीचा रस्ता इथे बंद आहे. म्हणून ज्या विद्यापीठांकडे, संशोधन संस्थांकडे नोंदणी आधीच आहे त्यांच्याशी थेट करार करा आणि माणसं त्यांच्याच पगारावर नेमा. किंवा भारतातलेच देणगीदार सोबत घ्या, इथल्या सिनेगॉगसाठी इथले लोक पैसे देतात हे काळा घोड्याला दिसलंच आहे. मुंबईत जॉइंट आणि ओआरटी या तुमच्याच ज्यू मदतसंस्था कितीतरी वर्षं काम करतायत, म्हाताऱ्यांची औषधं, मुलांचे वर्ग, ते सगळं त्यांनी निगुतीने केलंय, त्यांना कायदा आणि माणसं दोन्ही ठाऊक आहेत, आधी त्यांना विचारा.

आता काही जण म्हणतील की हे मराठीवाल्यांनी करायचं काम आहे, ज्यू ट्रस्टने कशाला. अर्धं मान्य. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता मिळाली, सत्कार झाले, पेढे वाटले, आणि आमच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या जाड जाड खंडांत राजपूरकरांना दोन ओळी मिळतील तर शपथ. त्यासाठी आमच्या सरकारला आणि साहित्य संस्थांना मी वेगळं पत्र लिहिणार आहे आणि त्यात इतकं सौम्य बोलणार नाही. पण उरलेलं अर्धं तुमचं आहे. 1960 च्या दशकात इस्राएलमध्ये तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतल्या, यांना संप करायला लागला, निदर्शनं करायला लागली, 1964 मध्ये कुठे तो प्रश्न सुटला. तुम्ही खरे ज्यू का, हे त्यांना विचारलं जात होतं तेव्हा त्यांची मराठीतली प्रार्थनापुस्तकं छापून शंभर वर्षं होत आली होती. ती कुणी वाचली असती तर हा प्रश्न विचारायच्या आधी एखाद्याने थोडा विचार केला असता.

आणि समाज लहान आहे, लाभार्थी कमी आहेत, हा मुद्दा कृपा करून काढू नका. कैरोच्या माळ्यावर सापडलेल्या कागदांचे लाभार्थी किती होते 1896 मध्ये?

शेवटचं, जे काही कराल ते मराठीतही यायला हवं. आत्तापर्यंत बेने इस्राएलांवर जे चांगलं संशोधन झालं ते बहुतेक इंग्रजीत आणि हिब्रूत, महागड्या पुस्तकांत, ज्या लोकांबद्दल आहे त्यांच्या ठाण्या-पनवेलच्या नातेवाइकांना ते विकत घेणंही परवडत नाही. करारातच अट घाला की मराठी आवृत्ती आणि फुकट ऑनलाइन प्रत असल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. हप्त्याची अट सगळ्यांना समजते.

पुढच्या वर्षीचे अर्ज मागवाल तेव्हा जाहिरात मराठी पेपरात द्या, फॉर्म चार पानांचा ठेवा. रेकॉर्डिंगसाठी मात्र अर्ज मागवत बसू नका, एक माणूस पाठवा, पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत मी मोकळी असते, मावशींच्या घरी मी घेऊन जाईन.

आपली,
एक मराठीची शिक्षिका, ठाणे